खिडकी कोणत्या बाजूची?

भाईंदर स्टेशनातून पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागले, की मुर्धे, राई, मोर्वा ही गावे ओळीने लागतात. त्यातल्या राईच्या एक मावशी २०२५ च्या मे महिन्यात एका रविवारी सकाळीच आमच्याकडे आल्या. हातात मुलाचा मोबाईल, चष्मा कपाळावर. चहाला नको म्हणाल्या नाहीत, पण कप हातात घेण्याआधी मोबाईल आमच्यापुढे धरला.

“भाऊ, लेकीनं तिकीट काढलंय. जावयांनी जागापण धरून ठेवल्यात, मधल्या रांगेत, संडासाजवळ. मला खिडकी पाहिजे. कुठल्या बाजूची घ्यायची तेवढं सांगा.”

मावशींची लेक अमेरिकेत सिएटल शहरात असते. जुलैत तिचे बाळंतपण. त्यासाठी मावशी आणि काका जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघणार होते. मुंबईहून लंडन, तिथे विमान बदलायचे आणि लंडनहून थेट सिएटल. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाने त्यांना सांगितले होते, की त्या वाटेवर बर्फाचा देश दिसतो. तेव्हापासून मावशींच्या डोक्यात खिडकीने घर केले होते.

घरात मात्र कोणी मनावर घेईना. मुलगा म्हणाला, “आई, वरून नुसते ढग दिसतात.” सून म्हणाली, “रात्री उठायला लागतं तुम्हाला.” काका म्हणाले, “खिडकीचे वेगळे पैसे पडतात.” ते खरेच होते. आधी जागा पक्की करायची तर विमान कंपन्या आता बहुधा जादा पैसे घेतात आणि लांबच्या प्रवासात ते काही हजारांच्या घरात जातात. मावशींच्या घरी तेवढ्यात महिन्याचे वाणसामान येते.

आता आमच्या वाचक भगिनींपैकी ज्या रोज लोकलने कामाला जातात, त्यांना मावशींचा हट्ट समजावून सांगायला नको. मावशी चर्चगेटला एका सरकारी कार्यालयात शिपाई होत्या. एकतीस वर्षे त्यांनी भाईंदरहून गाडी पकडली. विरारहून गाडी भरून येते. भाईंदरला चढणाऱ्या बाईला बोरिवलीपर्यंत उभे राहायला धड जागा मिळाली तरी पुष्कळ. अंधेरीच्या पुढे कोणी उठणारी निघाली, तर चौथी सीट. म्हणजे अर्धे अंग बाकावर आणि अर्धे वाटेत. खिडकी नेहमीच दुसऱ्या कोणाची तरी. मावशी म्हणाल्या, “एकतीस वर्षं मी बाहेरचं सगळं बायांच्या डोक्यांवरनं बघितलं. आता तिकिटाचे पैसे लेकीनं दिलेत. खिडकीचे मी माझ्या पेन्शनीतनं देते.”

यावर आम्ही काय बोलणार? मोबाईल घेतला आणि कामाला लागलो.

पण बाजू सांगण्याआधी वाट सांगायला हवी. आमच्याकडे मुलांच्या अभ्यासाचा जुना पृथ्वीगोल आहे. त्याचा पाय मोडला आहे, पण गोल शाबूत आहे. शिवणाचा दोरा घेतला. एक टोक लंडनवर धरले, दुसरे सिएटलवर, आणि ताणला. मावशींना वाटले होते, की दोरा सरळ समुद्रावरून डावीकडे जाईल, भिंतीवरच्या नकाशात जातो तसा. तो वर सरकला आणि ग्रीनलंडच्या अंगावरून गेला. गोल वस्तूवर जवळची वाट अशीच असते. सपाट नकाशा या बाबतीत फसवतो. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. ज्यांची मुले परदेशी जाणार आहेत त्यांनी घरी हा दोऱ्याचा प्रयोग जरूर करावा. चेंडूवरही जमतो.

लंडन ते सिएटल अंतर सुमारे ७,७०० कि.मी. आणि वेळ साडेनऊ ते दहा तास. ही जवळची वाट आर्क्टिक वृत्ताच्या, म्हणजे साडेसहासष्ट अक्षांशाच्या किंचित वर चढते आणि मग कॅनडावरून खाली उतरते. विमान रोज अगदी त्याच रेघेवरून जाते असे मात्र नाही. वारा बघून त्या त्या दिवशीची वाट ठरते. कधी उत्तरेला सरकते, कधी दक्षिणेला. त्यामुळे पैसे भरले म्हणजे बर्फ दिसलाच, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हे आम्ही मावशींना आधीच सांगितले. त्या म्हणाल्या, “लोकलची तरी कुठं खात्री असते?”

बाजूचे गणित तसे सोपे आहे. आपण उत्तर गोलार्धाच्या वरच्या भागात असलो, की दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो. लंडनहून पश्चिमेला निघालेल्या विमानात दक्षिण येते डाव्या हाताला. डावीकडे बसले तर ऊन तोंडावर, काच चमकते, खालचा बर्फ डोळ्यांत खुपतो आणि शेवटी माणूस कंटाळून पडदा ओढून घेतो. उजवीकडे उत्तर. तिथे सूर्य आपल्या पाठीमागे आणि त्याचे ऊन समोरच्या डोंगरांवर. फोटोवाला गिऱ्हाईकाला उन्हाकडे तोंड करून उभा करतो आणि स्वतः उन्हाकडे पाठ करतो, तसेच. म्हणून जाताना उजवी बाजू. येताना विमानाचे तोंड फिरते, तेव्हा उत्तर डाव्या हाताला येते. त्या परतीच्या विमानात रात्र लागते, आणि सप्टेंबर ते मार्च या काळात आकाश मोकळे असले तर उत्तरेकडे ध्रुवप्रकाश दिसू शकतो. म्हणजे जाताना उजवी, येताना डावी. दोन्ही वेळा उत्तर.

जागांना अक्षरे असतात. तोंड पुढे करून बसले, की डावीकडची खिडकी ‘ए’. उजवीकडच्या खिडकीचे अक्षर विमानागणिक बदलते. मोठ्या, दोन वाटांच्या विमानात ते बहुधा ‘के’ असते. मावशींनी ते सुनेकडून हातावर पेनाने लिहून घेतले, परीक्षेला जाणाऱ्या पोरीसारखे.

मग राहिली रांग. इथे आमचा स्वतःचा अनुभव कामी आला. आम्ही आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो ते मुंबई-दिल्ली. खिडकी मिळाली म्हणून हरखून गेलो होतो. बाहेर पाहतो तर पंख! दोन तास तो पत्र्याचा पंख पाहत आम्ही दिल्लीला पोहोचलो. सातपुडा कुठे, नर्मदा कुठे, काही कळले नाही. तेव्हा साध्या वर्गात बसणाऱ्याने पंखाच्या बऱ्याच मागची रांग घ्यावी. पंखाला लागून मागे बसले तर इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेने खालचे दृश्य थरथरते, तव्यावरच्या हवेसारखे. अगदी शेवटची रांगही नको. तिथे पाठ मागे कलत नाही आणि स्वच्छतागृहाची रांग अंगावर उभी राहते. शेवटून पाच-सहा रांगा पुढे, हे बरे. आणखी एक. काही रांगांना खिडकीची जागा म्हणतात, पण तिथे खिडकीच नसते, नुसती भिंत असते. मोबाईलवरच्या चित्रात ते कळत नाही, म्हणून कोणी त्याच प्रकारच्या विमानाने गेलेला असेल त्याला विचारावे.

सुनेचा मुद्दा मात्र खोटा नव्हता. मावशींना रक्तदाबाची गोळी आहे, पायांना सूज येते, दोन-तीन तासांनी उठावे लागते. म्हणून तोड अशी काढली. मुंबई-लंडन टप्प्यात खिडकीचे पैसे भरायचे नाहीत. जावयांनी धरलेली मधल्या रांगेतली वाटेकडची जागाच ठेवायची, उठायचे, चालायचे, झोपायचे. खिडकी फक्त लंडन-सिएटल. तिथे तीन जागांच्या बाकावर मावशी खिडकीला आणि काका वाटेकडे. मधली जागा रिकामी राहिली तर आयतीच. कोणी आलेच तर काका मधे सरकतील आणि त्याला वाटेकडची देतील. मधे बसलेला माणूस वाटेकडची जागा सहसा नाकारत नाही. काकांनी हे ऐकून घेतले, पण त्यांचा चेहरा चौथ्या सीटवरच्या माणसासारखा झाला होता, हेही नमूद केले पाहिजे.

ज्यांना पैसे भरणे शक्य नाही त्यांनी निराश होऊ नये. प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी मोबाईलवरून हजेरी लावता येते. पुष्कळ कंपन्या त्या वेळी उरलेल्या जागा फुकट देतात. ती वेळ सुरू होते त्या मिनिटाला बसले तर खिडकी मिळू शकते. कंपनीगणिक नियम निराळे, ते तिकिटावर वाचावेत.

बाजू आणि रांग यांच्यापेक्षाही महिना महत्त्वाचा, हे आमच्या ध्यानात एका बातमीमुळे आले होते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू हे पहिले थेट विमान उत्तर ध्रुवाच्या वाटेने आले. चालवणाऱ्या चारही महिला होत्या: कॅप्टन झोया अगरवाल, पापगारी तन्मयी, आकांक्षा सोनवरे आणि शिवानी मन्हास. ११ जानेवारीला त्या बंगळुरूला उतरल्या. या दोन शहरांमधले सरळ अंतरच सुमारे १४ हजार कि.मी. आहे. त्या वेळी आमच्या घरी मुलींनी ती बातमी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. ती अजून तिथे आहे. पण त्या विमानातल्या उताऱ्यांना ध्रुवावर बर्फ दिसला असेल का? जानेवारीत ध्रुवावर सूर्य उगवतच नाही. तिथे मार्चच्या विसाव्या तारखेच्या सुमारास उजाडते आणि सप्टेंबरच्या अखेरीस मावळते. वर्षात एक दिवस आणि एक रात्र. जानेवारीत तिथे कुठल्याही बाजूला बसा, बाहेर काळोख. मावशींचा महिना जून होता. जूनमध्ये आर्क्टिक वृत्ताच्या वर सूर्य मध्यरात्रीही मावळत नाही. शिवाय लंडनहून दुपारी निघालेले विमान सूर्याच्याच दिशेने जाते, म्हणून दिवस संपता संपत नाही. बाळंतपणाच्या तारखेने त्यांना नकळत चांगला हंगाम साधून दिला होता.

आम्ही त्यांना ग्रीनलंडची थोडी माहिती एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. क्षेत्रफळ साडेएकवीस लाख चौरस कि.मी.हून जास्त, म्हणजे सात महाराष्ट्र. त्यातला सुमारे ऐंशी टक्के भाग बर्फाखाली, आणि तो थर काही ठिकाणी तीन कि.मी.हून जाड. वस्ती साठ हजारांच्याही आत. आपल्या मीरा-भाईंदरमध्ये २०११ च्या जनगणनेत आठ लाख नऊ हजार माणसे होती. पूर्व किनाऱ्यावरचे गुन्ब्योर्न शिखर ३,६९४ मीटर, आर्क्टिकमधले सर्वांत उंच. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. काकांनी कागद वाचला आणि विचारले, “साठ हजार माणसं नि सात महाराष्ट्र? आणि आम्हाला राईत नळाला पाणी यायला एवढी वर्षं लागली!”

मावशी गेल्या, आणि सप्टेंबरच्या शेवटी परत आल्या. आता त्यांनी काय पाहिले ते त्यांच्याच तोंडून ऐकलेले सांगतो.

लंडन सोडल्यावर पहिले तीन तास समुद्र आणि ढग. मुलाचे म्हणणे खरे ठरते की काय, असे त्यांना वाटू लागले. मधल्या जागेवर एक गोरी मुलगी आली होती. काकांनी तिला हाताने खुणा करून वाटेकडची जागा दिली आणि ती हसून सरकली. जेवण झाले. मग विमानातल्या बाईने सगळ्यांना पडदे खाली घ्यायला सांगितले. बाहेर लख्ख ऊन आणि आत रात्र केली. लोकांना झोपायचे होते, सिनेमे पाहायचे होते. हा प्रकार जवळजवळ सगळ्या लांबच्या विमानांत होतो आणि तो नेमका बर्फ येण्याच्या वेळी होतो, हे आम्ही मावशींना सांगायला विसरलो होतो. चूक आमची. त्या क्षणी मावशींनी चार बोटे पडदा वर ठेवला, डोक्यावरून शाल घेतली, शालीची कड खिडकीच्या चौकटीला टेकवली आणि त्या तंबूत तोंड घातले. उजेड बाहेर गेला नाही आणि कोणाची तक्रारही आली नाही. काचेवर आतल्या दिव्याचे प्रतिबिंब पडते तेही शालीने थांबले. फोटो काढणाऱ्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी, आणि मोबाईल काचेच्या अगदी जवळ धरावा.

आधी निळ्या पाण्यावर पांढरे तुकडे दिसू लागले. मावशींना वाटले, कोणी थर्माकोल फेकला आहे. मग तुकडे दाट झाले, आणि एकाएकी काळे, टोकदार डोंगर समोर आले. डोंगरांच्या मधून बर्फाच्या नद्या समुद्रात उतरलेल्या, त्यांच्यावर गाडीच्या चाकोऱ्यांसारख्या लांब रेघा. “एक झाड नाही भाऊ. एक घर नाही. नुसता डोंगर नि बर्फ नि त्याच्यावर ऊन.” नंतर डोंगर बुडाले. हो, बुडाले हाच शब्द त्यांनी वापरला. बर्फाचा थर इतका जाड, की त्यात डोंगरच गडप होतात. पुढे तासाहून जास्त वेळ नुसते पांढरे मैदान. मधे मधे त्यावर निळ्या पाण्याची तळी, शाईचे थेंब सांडावेत तशी. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो, त्याची ती तळी.

“मला काय वाटलं सांगू? आपलं मिठागर.”

हे आम्हाला सुचले नसते. राईच्या आसपासची मिठागरे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. पावसाळ्याआधी मिठाच्या पांढऱ्या राशी उभ्या असतात, आणि चौकोनी वाफ्यांतले पाणी उन्हात चमकते. मावशींचे माहेर उत्तनकडच्या वस्तीतले, आणि त्यांची आई मिठागरावर डोक्याने मीठ वाहायची. टोपलीतून मिठाचे पाणी मानेवर गळायचे आणि कातडे सोलून निघायचे. “पांढरं बघितलं की मला आईची मान आठवते,” एवढे बोलून त्या थांबल्या. आम्हीही काही विचारले नाही.

पश्चिम किनाऱ्याला पुन्हा डोंगर लागले, आणि समुद्रात तरंगणारे हिमनग. ते इमारतीएवढे असतात, पण वरून बत्ताशाएवढे दिसले. याच किनाऱ्यावरच्या हिमनद्यांमधून सुटलेल्या हिमनगाने १९१२ साली टायटॅनिक बुडवली, असे मानतात. मधली मुलगी एवढ्यात जागी झाली होती. मावशींनी शालीची एक बाजू उचलली आणि तिला आत घेतले. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. काका वाटेकडे सरकले नव्हते, मधेच अडकले होते, आणि त्यांच्या अंगावरून दोघींची ये-जा चालली होती. त्यांनीही शेवटी मान लांब करून पाहिले. काय पाहिले विचारले तर म्हणतात, “हिची शाल.”

कॅनडावर आल्यावर विमान खाली दक्षिणेकडे वळले, तेव्हा सूर्य उजवीकडे आला. शेवटचे दोन तास मावशींनाही पडदा पूर्ण ओढावा लागला. बाजूच्या आमच्या गणितातली ही उणीव प्रामाणिकपणे सांगून ठेवतो. तोवर बर्फ मागे पडलेला असतो, एवढेच समाधान.

सिएटलला लेक विमानतळावर आली होती. बाळंतपण सुखरूप झाले, मुलगी झाली. तिकडे असताना जावयांनी मावशींना एक गोष्ट समजावली, ती त्यांच्या मनात रुतून बसली आहे. समुद्रात तरंगणारा बर्फ वितळल्याने पाणी फारसे चढत नाही, पेल्यातल्या बर्फासारखे. पण ग्रीनलंडचा बर्फ जमिनीवर आहे. तो सगळा वितळला तर जगभर समुद्र सुमारे सात मीटर चढेल. ते काही उद्या-परवा होणार नाही, त्याला शेकडो-हजारो वर्षे लागतील. पण थोडा थोडा तो वितळतो आहेच, आणि १९०० सालापासून समुद्र सरासरी वीस सेंटिमीटरच्या आसपास चढला आहे. मावशींनी वीतभर हात करून आम्हाला दाखवला. पावसाळ्यात मोठी भरती आणि पाऊस एकत्र आले, की खाडीलगतच्या सखल घरांत पाणी कुठपर्यंत येते, ते त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांच्या जुन्या घराच्या उंबऱ्याला दोन विटांचा बांध आहे. “आता तिसरी वीट लावते,” त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण दिवाळीआधी गवंडी येऊन गेला, हे आम्ही पाहिले.

परतीच्या विमानात ‘ए’ ची खिडकी घेतली होती. रात्र, उत्तर बाजू, सप्टेंबर, सगळे जुळले होते. ध्रुवप्रकाश दिसला का, असे आम्ही मोठ्या उत्सुकतेने विचारले. मावशींनी तो पाहिला नाही. अडीच महिन्यांची नात आणि लेक मागे ठेवून निघालेली बाई ती. विमान सुटल्यापासून लंडन येईपर्यंत त्यांनी काचेला कपाळ टेकवले होते, पण डोळे मिटलेले होते. काका म्हणाले, “त्या खिडकीचे पैसे फुकट गेले.” मावशी काही बोलल्या नाहीत.

आता मोर्व्याचे एक जोडपे लेकाकडे निघाले आहे, तेही लंडनवरूनच, पण डिसेंबरात. मावशींनी त्यांना आमच्याकडे पाठवले होते. त्यांना आम्ही सांगितले, की डिसेंबरात त्या वाटेवर उजवीकडे जवळजवळ काळोखच असतो. फार तर डावीकडे, दक्षिणेला, क्षितिजावर तांबडा पट्टा दिसेल. खिडकीचे पैसे वाचवावेत, वाटेकडची जागा घ्यावी, पायांत गरम मोजे घालून झोपावे. बाई निमूट ऐकत होत्या. जाताना दारात थांबून त्यांनी विचारले, “आणि जूनमध्ये गेलो तर?”